पदराखालचा हात

बैलाच्या वशिंडाआडून एक हात आला. वरून पदर होता, म्हणून तो हात आहे हे शांतवनला आधी कळलंच नाही. तो वाकून बैलाच्या पोटाखाली बघत होता, कुठं गाठ, कुठं जुनी जखम चाचपत होता, आणि बरगडीपाशी काहीतरी हललं तेव्हा त्याला वाटलं, बाईनं पदरात भाकरीचा तुकडा बांधून आणला असेल. बायका आणतात. विकायच्या जनावराला शेवटचा घास देतात आणि त्याच पदरानं डोळे पुसतात. पण हा पदर बैलाच्या तोंडाकडे गेला नाही. तो त्याच्याकडे आला आणि त्याच्या मनगटापासून वीतभरावर थरथरत थांबला, नुकत्या जन्मलेल्या करडावर फडकं टाकावं तसा.

"दादा," गोजरबाई ओठ न हलवता म्हणाली, "हात द्या. मालक द्यायचे तसा."

शांतवनला आधी काय वाटलं असेल तर वैताग. भीती नंतर आली, दया त्याच्याही नंतर. आधी निव्वळ वैताग, उन्हात चालताना वहाणेत खडा जावा तसा. आख्ख्या हिंगोलीच्या बैलबाजारात हिला दुसरा व्यापारी मिळाला नाही? लिंबाखाली ओळीनं बसलेत सगळे, प्रत्येकाच्या खांद्यावर रुमाल, प्रत्येकाचा हात कुणाच्या ना कुणाच्या हातात. रुमालाखाली हात घालून भाव न करणारा बाजारात एकच माणूस, आणि ही नेमकी त्याच्याच पुढ्यात येऊन हात मागते. बरं, बाईमाणूस. बरं, कपाळ मोकळं. बरं, कुणब्याची. कुणी पाहिलं तर बैल राहील बाजूला आणि आपलंच कातडं सोलून निघेल. देवा, तुला दुसरा कुणी दिसत नाही का?

आणि बैलाच्या पलीकडच्या अंगाला तिचा दीर उभा. माणिकराव. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, ग्यानबाचा धाकटा भाऊ, अंगानं भावासारखाच, डोळ्यांनी मात्र वेगळा. विडी पेटवत होता, वाऱ्यानं काडी विझत होती, आणि प्रत्येक विझल्या काडीमागं एक वाक्य फेकत होता.

"आटपा की शांतवन. पोटात काय देऊळ बांधून राहिलेत का त्याच्या?"

"बघू द्या मालक. जनावर हाय."

"बघा, बघा. पन भाव उघडा बोला बरं. मी मुद्दाम तुमच्याकडंच आनलाय बैल. बाकीचे सारे झाकून करून राहिले, तुमचं एक बरं. जे हाय ते चारचौघांत."

पदराखालचा हात या बोलण्यानं आक्रसला, पण मागं गेला नाही.

बैल ग्यानबाचा म्हणायचा, पण तो ग्यानबाचा नव्हता. गोजरबाईच्या लग्नात तिच्या माहेरानं आंदण म्हणून लाल कालवड दिली होती, तिच्या पोटची ही तिसरी पिढी. कंधारी लाल रंग, पावसानं धुतलेल्या मुरमासारखा, आणि डोळ्यांच्या कडा अशा काळ्या की कुणी काजळ घालून बाजारात धाडलाय. शांतवननं याला वासरू असताना पाहिलेलं होतं. औंढ्याच्या वाटेवरच्या त्या गावात तो जनावरं बघायला जायचा तेव्हा ग्यानबा म्हणायचा, हे विचारू नको, हे बायकोचं हाय. दिवाळीच्या आधी ग्यानबा तापानं गेला. ही बातमी शांतवनला बाजारातच कळली होती, आणि त्याचा उजवा हात उगाच कोपरापर्यंत जड झाला होता, जणू कुणीतरी त्यातली बोटं काढून नेली.

कारण ग्यानबाला तो हातानं ओळखत होता, तोंडानं नव्हे. बाजाराची रीतच तशी. विकणारा आणि घेणारा एकमेकांसमोर उभे राहायचे, खांद्यावरचा रुमाल मनगटांवर पडायचा, आणि त्याच्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा मुठीत घेतला की पाच. दहाईचे की शेकड्याचे ते जनावराकडं बघून समजायचं. वर तोंडं पीकपाण्याचं, सासुरवाडीचं, विलायतेकडच्या लढाईचं बोलत राहायची, चहूकडे माणसं दाटीनं उभी असायची, आणि कुणाला काही कळायचं नाही. सौदा झाला की रुमाल उचलायचा. ग्यानबाचं मधलं बोट अर्धं होतं, कडबा तोडताना गेलेलं, आणि तो स्वतःच हसायचा, म्हणायचा, माझ्याशी सौदा केला की अर्धा रुपया कुठं तरी सांडतोच.

गावात त्याच ग्यानबाच्या दारी पाणी मागितलं तर उंबऱ्याच्या बाहेर बसून ओंजळ करायची आणि वरून धार पडायची, पडणाऱ्या धारेचासुद्धा विटाळ होऊ नये इतक्या उंचीवरून. शांतवनचा बाप मेलेली जनावरं ओढायचा. वेशीबाहेरची ती सगळी वस्तीच ओढायची. शांतवन, तेव्हाचा सटवा, तांड्यावरच्या रामसिंगच्या मागं मागं फिरून जिवंत जनावराला हात लावायला शिकला, दात बघायला शिकला, खूर वाजवून आतली कीड ऐकायला शिकला, आणि शेवटी रुमालाखालची बोली शिकला. पहिल्यांदा ग्यानबानं रुमाल टाकून त्याचा हात धरला तेव्हा भाव काय होता ते त्याला कळलंच नव्हतं. नुसतं कळलं होतं, ऊब. घामेजलेली, कुदळीनं टणक झालेली, दुसऱ्या जातीची ऊब. रुमाल उचलला की दोन्ही हात आपापल्या जातीला परत जायचे. पण रुमाल होता तोवर ते हातच होते.

आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं मोडून टाकलं होतं. येशूच्या नावानं.

कयाधूच्या डोहात बाप्तिस्मा झाला तेव्हा पाणी थंडगार होतं, आणि वर आल्यावर पाळकसाहेबांनी त्याला शांतवन हे नाव दिलं. त्याची बायको रूपाबाई काठावर उभी राहून कुजबुजली होती, 'याला? शांतवन? अवं, हा तर भाकरीला पापुद्रा सुटला न्हाई तरी भांडतो.' नाव अंगाला कधी बसलंच नाही. उसन्या सदऱ्यासारखं काखेत काचतच राहिलं. पण त्या नावाला शोभेल असं काही करावं ही मात्र त्याला खाज होती. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी वाचलं, झाकलेलं असं काही नाही जे उघडं पडणार नाही, कानात ऐकलं ते घराच्या धाब्यावर चढून सांगा. तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही. पाळकसाहेब जालन्याकडचे, त्यांच्या तोंडी मराठी इस्त्री केल्यासारखी, आणि ते म्हणाले, "बंधूंनो, आपला विश्वास रविवारच्या सदऱ्यासारखा खुंटीला टांगून ठेवू नका. तुमच्या धंद्यात तो दिसला पाहिजे." बाकीच्यांचं ठीक होतं. कुणी रस्त्याची खडी फोडायचा, कुणी इस्पितळात झाडायचा, त्यात दिसून दिसून विश्वास काय दिसणार? सगळ्यांनी माना वळवून शांतवनकडे पाहिलं. धंदा त्याचाच होता.

पुढच्या बाजारी त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून डोक्याला गुंडाळला. ग्यानबानं सवयीनं आपला रुमाल टाकून हात पुढं केला, आणि शांतवन म्हणाला, "न्हाई मालक. आता तोंडानं बोलू. घेतला कितीला, विकतो कितीला, मला काय सुटतं, समदं उघडं." ग्यानबाचा हात रुमालाखाली थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो मागं घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "बरं गड्या. जीभ तर जीभ." पुसला. का पुसला? इतकी वर्षं नव्हता पुसला. शांतवननं तेव्हा ते मनावर घेतलं नाही. त्याच्या छातीत त्या दिवशी ताशे वाजत होते, मोठं काहीतरी केल्याचे. आपल्याला यापुढं कुणी शिवणार नाही, शिवायचं कारणच उरलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर ताशे कधीच थांबले होते.

धंदा आधी बसला, मग हळूहळू उठला. येशूवाला खोटं बोलत न्हाई, अशी ख्याती झाली. पाळकसाहेबांनी त्याचा दाखला उपदेशात घातला, मग दुसऱ्या उपदेशात घातला, मग मिशनचे मोठे साहेब आले तेव्हा त्याला बाजारातून बोलावून येशूच्या देवळात उभं केलं आणि म्हणाले, शांतवन, तू भाव कसा सांगतोस ते जरा साहेबांना मोठ्यानं सांग. समोर बैल नाही, गिऱ्हाईक नाही, आणि हा बाकांच्या मधोमध उभा राहून नसलेल्या बैलाचा भाव ओरडतोय. साहेब खूष झाले. त्यांनी हात पुढं करून शांतवनचा हात हातात घेतला, विलायती रीतीनं, उघड्यावर. किती वर्षांनी कुणीतरी हात धरला होता. आणि शांतवनच्या बोटांनी, सवयीनं, लाजिरवाणेपणानं, साहेबांची दोन बोटं चाचपली. साहेबांना काही कळलं नाही. शांतवनला मात्र रात्रीची भाकरी गेली नाही.

रूपाबाईचं याबाबत स्वतःचं एक मत होतं, आणि ती ते जात्यावर दळायची.

'दळीते मी बाई, जवारी टपोरी,
येशू माझा आला, बसला चुलीच्या शेजारी.'

पाळकसाहेबांनी एकदा ही ओवी ऐकली आणि हसून दुरुस्त केली, की बाई, येशू चुलीशेजारी नाही, तो स्वर्गात पित्याच्या उजवीकडे बसला आहे. रूपाबाई म्हणाली, "मंग तिथं त्याला भाकर कोन वाढतं?" पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि निघाले. अशी ती. उघड्या भावाबद्दल तिनं एवढंच म्हटलं होतं, "तुमी खरं बोलता ते चांगलंय. पन तुमचं खरं बाजाराएवढं मोठं काहून असतं? थोडं बारीक करून बोला ना."

त्यावर तो तिच्यावर तडकला होता. कारण ती सेनगावकडच्या त्या तातेरावाबद्दल बोलत होती. तातेरावानं पांढरी जोडी आणली होती, वयानं थकलेली, आणि शांतवननं चारचौघांत खणखणीत आवाजात सांगितलं, डावा बैल औताला बसतो, म्हणून एवढेच देतो. खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं. तातेरावाचा व्याही तिथंच उभा होता. तातेरावानं आपला रुमाल उचलला, तोंडावर घेतला आणि बैल घेऊन न विकताच निघून गेला. त्याच्या पाठीकडं बघताना शांतवनला आपण सोन्यासारखे लखलखीत आहोत असं वाटलं होतं. आता, या घटकेला, बैलाच्या पोटाखाली वाकलेला असताना, ते लखलखणं त्याला आठवलं आणि त्यानं मान आणखी खाली घातली.

"दादा," पदर पुन्हा हलला. "लेक बाळंतपनाला आलीय. पहिलटकरीन. भावजी म्हनतेत, तिच्या सासरचे बघतील. सासरचे म्हनतेत, माहेरचे बघतील. आकडा कळला की सारा काढून घेतील ते. न्हाई कळला तर मी सांगन तोच आकडा. हात द्या दादा. तुमच्या पाया पडते."

म्हणजे हे असं होतं. माणिकरावानं त्याला निवडला तो त्याच्या खरेपणासाठी. लोहार जसा नेमका हातोडा निवडतो तसा. शांतवनचा उघडा भाव म्हणजे या बाईच्या कनवटीत घालायला माणिकरावानं आणलेला हात. आणि हिनं त्याला निवडला ते त्याच्या बोटांसाठी, जी त्यानं देवाला देऊन टाकली होती. मधल्यामधे तो. दोघंही त्याच्यावर विश्वास ठेवून उभे, आणि कुणाचाही विश्वास न मोडता इथून सुटायला वाट नाही. एखादा लबाड व्यापारी असता तर किती सोपं होतं! लबाडाला तरी देव एका वेळी एकच पाप करायला लावतो.

त्याला तेही वचन आठवलं, तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. आठवल्यावर आणखीच वैताग आला. एका पानावर धाब्यावर चढून ओरडा, दुसऱ्या पानावर डाव्या हातालासुद्धा सांगू नका. त्यानं मागं एकदा पाळकसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते दानधर्माबद्दल आहे, शांतवन. व्यापाराबद्दल नाही." म्हणजे दान झाकून आणि व्यापार उघडा. आणि ज्या व्यापारात समोरचीचं लेकरू अडकलंय तो यातला कुठला? पाळकसाहेबांनी बैलबाजार कधी पाहिला नव्हता. त्यांना शेणाचा वास सोसत नसे.

"काय रे बाबा," माणिकरावाची विडी एकदाची पेटली, "समदा बाजार उठून चालला. बोल की!"

"दात बघून राहिलो मालक," शांतवन म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला दचकायला झालं. दात तर त्यानं केव्हाच बघितले होते. इतक्या वर्षांत बाजारात बोललेलं हे पहिलं खोटं, आणि तेही असं फुटकळ, बिनकामाचं.

मग त्यानं हात पदराखाली घातला.

त्यानं ठरवलं असं नाही. ठरवायला बसला असता तर सूर्य मावळला असता. तो हात नुसता गेला, तहानलेलं जनावर पाण्याकडं जातं तसा. आत काळोख होता, हळदीचा आणि धुराचा वास होता, आणि तिची बोटं बर्फासारखी गार. वरून बैलाच्या शेपटीनं एक माशी हाकलली. शांतवननं तिची बोटं धरली, नीट, ओळीनं, आपल्या मनात बैलाची जी खरी किंमत होती ती. कमी नाही, जास्त नाही. पुढं नेऊन विकल्यावर त्याला घासभर सुटेल, एवढी.

तिनं त्याचा सगळा पंजा मुठीत घेतला.

पाच वर. शांतवन चमकला. बाई कच्ची नाही म्हणायची. ग्यानबानं शिकवलं असेल. त्यानं बोटं सोडवून पुन्हा तोच भाव धरला, जरा दाबून, याच्यावर न्हाई बाई. तिनं पुन्हा सगळा पंजा मुठीत घेतला, आधीपेक्षा घट्ट. बैलाच्या पाठीवरून माणिकरावाच्या विडीचा धूर इकडे येत होता. शांतवननं दात ओठांवर रोवले आणि थोडं चढवलं. पुन्हा मूठ. ही काय बाई आहे की सावकार? ग्यानबासुद्धा असा घासाघीस करत नव्हता, भला माणूस, तिसऱ्या खेपेला ऐकायचा. थोडं आणखी. पुन्हा मूठ, आता तर नखं रुतली. त्याचा नफा केव्हाच गेला होता, आता मूळची किंमत ओलांडून तो पलीकडं निघाला होता, कयाधूच्या पुरात पाय निसटलेल्या माणसासारखा, आणि प्रत्येक खेपेला ती गार मूठ त्याला आणखी पुढं ओढत होती. देवा, हिला सांग ना! तूच म्हणालास ना, सदरा मागितला तर अंगरखाही द्या? अंगरखा संपला, आता कातडी उरलीय. त्यानं शेवटचं एकदा चढवलं. तेवढंच त्याच्या कमरेच्या कशात होतं. पुढं बोटं धरायला बोटंच नव्हती.

मूठ सुटली नाही. पण पदराआडून कुजबुज आली, घाबरलेली, अगदी लेकराची.

"झालं का दादा? मला त्यातलं काय कळत न्हाई. मालक नुसता हात धरून असायचे, एवढंच दिसायचं. म्हनून म्या बी धरून ठेवला."

शांतवन वाकलेला होता तो तसाच राहिला. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला, नाकाच्या शेंड्यावर आला आणि बैलाच्या खुरापाशी पडला. हसावं की बाजाराच्या मधोमध बसून रडावं? तिला काहीच कळलं नव्हतं! एकही बोट कळलं नव्हतं. तो एकटाच बोलत होता, एकटाच उत्तर ऐकत होता, एकटाच चढत गेला होता. म्हणजे आता मागं यायलाही हरकत नव्हती. तिला ठाऊक नाही, दिराला ठाऊक नाही, बैलाला ठाऊक नाही. खाली उतरून पहिल्या भावावर यावं, तोही खराच भाव होता, हरामाचा नव्हता. साक्षीला कोण आहे? इतकी वर्षं तो धाब्यावर चढून खरं बोलला होता, आणि खाली ऐकायला नेहमी कुणीतरी होतं. आता धाबं नव्हतं, माणसं नव्हती, रविवारचा उपदेश नव्हता. काळोखात दोन हात होते, आणि त्यातला एक मुका. आणि तरी बोटांनी धरलेलं ते धरलेलं. त्याच्या होय-ला कुणी ऐकलं नाही म्हणून ते नाही होत नव्हतं. हे त्याला कुणी शिकवलं? पाळकानं नाही. रुमालानंच शिकवलं असणार, ग्यानबाच्या अर्ध्या बोटानं. याची त्याला इतकी चीड आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

त्यानं डाव्या हातानं कमरेचा कसा सोडला आणि होता तसा, गाठीसकट, पदराखाली सरकवला.

"कनवटीला बांधा," तो दातांतून म्हणाला. "घट्ट बांधा. आन् आता तरी हात सोडा माय."

तिनं सोडला. तो बैलाचा दोर धरून उभा राहिला. पाठीतून कळ आली.

"झाला सौदा," तो मोठ्यानं म्हणाला.

माणिकराव विडी टाकून वळसा घालून आला. गोजरबाई दोन पावलं मागं सरून डोक्यावरचा पदर नीट करत होती, कुठल्याही बाईनं करावा तसा. "झाला? कवा झाला? कितीला?"

"बाईला विचारा मालक."

"बाई काय सांगंल? बाईला शंभराच्या फुडं मोजता येत न्हाई. तुमी सांगा."

"बैल त्यांचा. पैसे त्यांच्यापाशी हायेत. त्याच सांगतील."

आजूबाजूचे व्यापारी वळले. रुमालाखालचे हात थांबले. गुलाबसिंग, तांड्याचा, शांतवनचा शेजारचा व्यापारी, हसायला लागला. "अरे, हा येशूवाला बघा रे! बोलता बोलता मुका झाला!"

माणिकरावानं शांतवनच्या सदऱ्याची बाही धरली, आणि लगेच सोडली, आणि तो हात धोतराला पुसला. "तुमी तर कधी खोटं बोलत न्हाईत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता पण त्याच्याखाली खरंखुरं दुखावलेपण होतं, देवळाचं दार बंद सापडल्यासारखं. "म्हनून तुमच्याकडं आलो. सांगा की खरं."

"खोटं बोलत न्हाई," शांतवन म्हणाला, "म्हनूनच सांगत न्हाई."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, चोरावर मोर. कुणी म्हणालं, बाईला फसवलं असंल, म्हनून वाचा बसली. हे शेवटचं माणिकरावाला पटलं. ते त्याच्या डोळ्यांत उतरताना शांतवननं पाहिलं, कपड्यात डाग उतरावा तसं. "बुडवलं का रे विधवेला?" तो म्हणाला. "चोरा! आन् येशूचं नाव घेतो व्हय?" आणि मग तो वहिनीकडं वळला, चला म्हणाला, आणि ती निघाली, एक हात कमरेशी दाबून, मागं एकदाही न बघता. बघू नये एवढं तिला कळत होतं. शांतवनला तेवढ्याचाही वैताग आला. एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बैल मात्र तिच्याच मागं निघाला. दोर ताणून धरावा लागला.

"कितीला द्यायचा मग?" गुलाबसिंग आता गंभीर होऊन बैलाभोवती फिरत होता, खूर वाजवत होता. "जनावर झकास हाय. तुमी कितीला घेतला ते सांगा, तुमच्या रीतीपरमानं, वर तुमचं काय ते घ्या."

आणि तेव्हा शांतवनला समजलं. त्याची रीत. घेतला कितीला, विकतो कितीला, समदं उघडं. इथं तोंड उघडलं की संध्याकाळच्या आत आकडा औंढ्याच्या वाटेनं गावात. आणि न सांगता नुसता विकावा म्हटलं, तरी येईल तो भाव चारचौघांत बोलावा लागणार आणि त्यावरून लोक मागचा भाव काढणारच. हा बैल त्याला उघडा विकता येत नव्हता आणि झाकून विकायचं त्यानं सोडलं होतं. हा बैल विकताच येत नव्हता.

"विकायचा न्हाई," तो म्हणाला.

"विकायचा न्हाई? मग काय पूजा करता?"

तो दोर ओढत निघाला. रिकामी कंबर हलकी लागत होती, आणि लिंबाखालून जाताना रुमालांची पूर्ण ओळ त्याच्याकडं बघत होती. कयाधू उतरताना बैल पाण्यात थांबला, पिऊ लागला, निवांत, जणू जन्मभर त्याला हेच काम होतं. शांतवन गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याच्यावर ओरडला. मग आकाशाकडं बघून ओरडला. मग गप्प झाला, कारण पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसत होत्या.

वस्तीपाशी आला तेव्हा रूपाबाई दारात निवडायला बसली होती. तिनं आधी बैल पाहिला, मग नवऱ्याचं तोंड, मग त्याची कंबर, जिथं सकाळी कसा होता.

"कुनाचा?"

"आपला."

"आपला?" तिनं सूप खाली ठेवलं. "कितीला घेतला?"

त्यानं दोर उगाच मनगटाला गुंडाळला.

"अवं, मी इचारून राहिले. सगळ्या बाजाराला सांगता, बायकोला सांगायला काय झालं?"

"न्हाई सांगत."

बैलानं मान खाली घालून तिच्या सुपातली जवारी हुंगली, आणि तिनं त्याच्या तोंडावर एक चापट मारली, आणि चापट मारलेला हात तिथंच त्याच्या कपाळावर राहिला.

"बरं, नका सांगू," ती म्हणाली. "पन विकनार कवा?"

"विकत न्हाई."

"मग ह्याचं करनार काय? आपल्याला वावर कुठंय?"

शांतवननं चहूकडं पाहिलं. चारी बाजूंना दुसऱ्यांची शेतं होती, नांगरलेली, तुरीनं भरलेली, संध्याकाळच्या उन्हात पार औंढ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेली. बैल त्यांच्याकडं बघत उभा होता, जुंपून घ्यायला तयार.

"कुठंय म्हनते मी!" रूपाबाई ओरडली.

"मला काय ठाऊक!" शांतवन तिच्याहून मोठ्यानं ओरडला. आणि मग दोघंही वस्तीच्या टोकाला, उघड्यावर, बैल बांधायला खुंटी कुठं ठोकावी ते शोधू लागले.